यूएसबी डॅक चालत नाही तेव्हा : जोडणी आणि वीजपुरवठ्यातील दोष कसे शोधावेत

ही टिपणे इलेक्ट्रॉनिक्स शाखेच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी आहेत. ओहमचा नियम, मल्टीमीटर हाताळण्याची सवय आणि डिजिटल-अ‍ॅनालॉग रूपांतराची तोंडओळख एवढे गृहीत धरले आहे. टेबलावर ठेवायचा यूएसबी डॅक संगणकाकडून ध्वनीचे आकडे घेतो, त्यांचे व्होल्टेजमध्ये रूपांतर करतो आणि ते हेडफोनला किंवा अ‍ॅम्प्लिफायरला देतो. पाठ्यपुस्तकात त्याला अंकीय-सदृश परिवर्तक म्हणतात. आपण डॅकच म्हणू. आपण अभ्यासक्रमात आर-टू-आर शिडी, डेल्टा-सिग्मा वगैरे शिकतो, म्हणून डॅक बंद पडला की आपले लक्ष थेट त्या चिपकडे जाते. माझ्या टेबलावर आजवर आलेल्या ‘मेलेल्या’ डॅकपैकी बहुतेकांची ती चिप ठणठणीत होती. दोष केबलमध्ये, पोर्टमध्ये किंवा वीजपुरवठ्यात होता.

आधी एक चूक सांगतो. ती माझीच आहे. अंतिम वर्षाच्या एका विद्यार्थ्याचा प्रकल्प यूएसबी डॅक बोर्डावर आधारलेला होता. वसतिगृहात स्वतःच्या लॅपटॉपवर बोर्ड चालत होता; प्रयोगशाळेत आणून लावला की दिवा लागायचा, पण संगणकाला ध्वनी उपकरण दिसायचेच नाही. मी बोर्ड हातात घेतला, दोन मिनिटे पाहिले आणि सांगून मोकळा झालो, “आणताना स्थिर विद्युतने गेला असेल, दुसरा मागव.” त्याने स्वतःच्या पैशांनी दुसरा बोर्ड मागवला. तोही प्रयोगशाळेत तसाच वागला. बाह्य परीक्षक यायला चार दिवस उरले होते. पुढे काय झाले ते ओघात येईलच. तोवर त्या दोन बोर्डांचा दोष काय असू शकेल याचा विचार करत पुढे वाचा.

एका केबलमधील दोन कामे

यूएसबी २.० च्या केबलमध्ये चार वायर असतात. दोन विजेसाठी : ५ व्होल्टची वायर, तिला व्हीबस म्हणतात, आणि ग्राउंड. दोन माहितीसाठी : डी-प्लस आणि डी-मायनस. यांपैकी विजेची जोडी चांगली आणि माहितीची जोडी तुटलेली, किंवा याच्या उलट, असे अगदी सहज होते. डॅकवरचा दिवा हा व्हीबसवर लागतो. तो लागला याचा अर्थ विजेच्या दोन वायर जोडलेल्या आहेत, इतकाच घ्यायचा. मोबाइलसोबत मिळणाऱ्या काही केबलमध्ये माहितीच्या वायर मुळात टाकलेल्याच नसतात. अशी केबल लावली की दिवा छान लागतो आणि संगणक मात्र ढिम्म. कोणताही संदेश नाही, ‘टुडुंग’ असा आवाज नाही. संगणकाच्या दृष्टीने काही जोडलेच गेलेले नसते.

म्हणून तपासाची सुरुवात एका प्रश्नाने करायची : संगणकाला काहीतरी जोडल्याचे कळले का? याला तीन उत्तरे संभवतात. काहीच कळले नाही. काहीतरी आहे हे कळले, पण ओळख पटली नाही. ओळख पटली, पण आवाज नाही किंवा तुटतो. तिन्हींचे मार्ग वेगळे आहेत. विद्यार्थी सहसा हे तिन्ही एकाच शब्दात सांगतात, “सर, डॅक डिटेक्ट होत नाहीये.” त्यामुळे मी आधी पडद्यावर काय दिसले तेच शब्दशः विचारतो.

ओळख पटते म्हणजे काय होते

डॅक लावल्यावर त्यातील यूएसबी चिपला वीज मिळते आणि ती डी-प्लसची वायर १.५ किलोओहम रोधामार्फत सुमारे ३.३ व्होल्टकडे ओढते. संगणकाच्या बाजूने त्याच वायरवर १५ किलोओहमचा रोध ग्राउंडकडे असतो, त्यामुळे काही जोडलेले नसताना ती शून्याजवळ असते. ती वर गेली की संगणकाला कळते, कोणीतरी आले. मग तो उपकरणाला रीसेट करतो, त्याची माहितीपत्रिका मागवतो, त्याला एक क्रमांक देतो, पुन्हा सविस्तर पत्रिका वाचतो आणि शेवटी ‘या रचनेत काम सुरू कर’ असा आदेश देतो. या सगळ्याला डोळ्याची पापणी लवण्याइतका वेळ लागतो.

या पत्रिकेत उपकरण स्वतःची विजेची मागणीही लिहून देते. ती २ मिलिअँपिअरच्या एककात असते. तिथे २५० लिहिले असेल तर मागणी ५०० मिलिअँपिअर. शेवटचा आदेश मिळेपर्यंत यूएसबी २.० च्या उपकरणाने १०० मिलिअँपिअरपेक्षा जास्त करंट घ्यायचा नसतो. आदेश मिळाल्यावर त्याने मागितलेला, कमाल ५०० पर्यंतचा, करंट घेता येतो. यूएसबी ३ च्या पोर्टवर यूएसबी ३ च्या उपकरणासाठी ही मर्यादा ९०० आहे.

हा संवाद कुठे अडला ते लिनक्स अगदी स्पष्ट लिहून ठेवते. ‘डी-एम-ई-एस-जी’ ही आज्ञा द्या आणि शेवटच्या वीसेक ओळी वाचा. ‘डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड’ असे लिहून पुढे उणे ७१ असेल, तर उपकरण आहे हे कळले, पण त्याचे बोलणे विस्कटलेले आले. याचा रोख केबल, सैल सॉकेट किंवा डळमळीत व्होल्टेज यांकडे आहे. उणे ११० म्हणजे वाट पाहूनही उत्तरच आले नाही. विंडोजमध्ये हीच स्थिती डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘अननोन यूएसबी डिव्हाइस’ आणि कोड ४३ अशी दिसते. तो कोड पाहून लोक ड्रायव्हर पुन्हा पुन्हा टाकत बसतात. ज्या उपकरणाने अजून आपले नावही सांगितलेले नाही, त्याला ड्रायव्हर कोणता देणार? आधी केबल बदला.

आता माझ्या विद्यार्थ्याच्या बोर्डाकडे. तिसऱ्या दिवशी आमच्या प्रयोगशाळा सहायकांनी साफसफाईसाठी टेबल पुढे ओढले आणि संगणकाची मागची बाजू मोकळी झाली म्हणून त्यांनी बोर्ड सहज मागच्या पोर्टमध्ये लावून पाहिला. लगेच आवाज आला. त्यानंतर मी तो संदेशांचा ढीग वाचला. त्यात त्या आठवड्यात कितीतरी वेळा एकच वाक्य उमटले होते, त्याचा मराठी आशय असा : बसवर पुरेशी वीज उपलब्ध नसल्यामुळे एक रचना नाकारली. संगणक सांगत होता, आम्ही दोघेही वाचत नव्हतो. त्या मुलाने शिक्षकावर विश्वास ठेवला होता, आणि शिक्षकाने संदेश न वाचता बोर्डाचा मृत्युदाखला लिहून दिला होता.

करंटचा हिशेब

आमच्या टेबलाखाली एक चार पोर्टचा हब चिकटवलेला होता, कारण संगणकाची पाठ भिंतीला लागून असते. त्या हबला स्वतःचा अडॅप्टर नव्हता. अशा हबला वरून ५०० मिलिअँपिअर मिळतात. त्यातले १०० तो स्वतःसाठी धरतो आणि उरलेले चार पोर्टांना प्रत्येकी १०० असे वाटतो. बोर्डाच्या पत्रिकेत मागणी होती ५००. प्रत्यक्षात तो तितका करंट घेत नसेलही, पण संगणक मागणी वाचतो आणि १०० च्या पोर्टवर ५०० मागणाऱ्याला नकार देतो. नकार मिळालेला बोर्ड १०० मिलिअँपिअरच्या आत पडून राहतो, आणि दिवा लावायला तेवढे खूप झाले. दिवा लागतो, आवाज नाही, याचा पूर्ण उलगडा इथे आहे.

इथे एक खोच आहे. काही स्वस्त हब अडॅप्टर नसतानाही ‘मला स्वतंत्र वीज आहे’ असे संगणकाला खोटेच सांगतात. मग नकार येत नाही, डॅक सुरू होतो आणि मोठा आवाज केला की, किंवा शेजारच्या पोर्टला पेनड्राइव्ह लावला की, मध्येच गायब होतो. हा दोष सापडायला नकारापेक्षा अवघड, कारण संदेशात फक्त ‘उपकरण काढले गेले’ एवढेच दिसते. डॅक हबवर असेल तर तपासाची पहिली पायरी हब काढून टाकणे हीच. टेबलावरच्या संगणकात पुढच्या पोर्टांपेक्षा मागची पोर्टे बरी; मागची थेट मदरबोर्डवर बसवलेली असतात, तर पुढची आतून आणखी एका केबलने आणलेली असतात.

दुसरा हिशेब केबलमधील व्होल्टेज-पाताचा. समजा हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर असलेला एक डॅक ४०० मिलिअँपिअर घेतो आणि पोर्टवर ४.९ व्होल्ट आहेत. केबल ३ मीटर लांब आहे आणि तिच्या विजेच्या वायर २८ गेजच्या आहेत. २८ गेजच्या तांब्याच्या वायरचा रोध मीटरला सुमारे ०.२१३ ओहम असतो. करंट जातो आणि परत येतो, म्हणून लांबी ६ मीटर धरायची :

६ × ०.२१३ = १.२८ ओहम
१.२८ × ०.४ = ०.५१ व्होल्ट

डॅकपाशी उरले सुमारे ४.३९ व्होल्ट. तीच लांबी ठेवून विजेच्या वायर २४ गेजच्या घेतल्या, तर रोध मीटरला ०.०८४ ओहम, एकूण पात ०.२० व्होल्ट आणि डॅकपाशी ४.७ व्होल्ट. २८ गेजचीच पण १ मीटरची केबल घेतली तरी पात ०.१७ व्होल्टवर येतो. चांगल्या केबलवर बारीक अक्षरात दोन आकडे छापलेले असतात, उदाहरणार्थ २८ आणि २४; पहिला माहितीच्या वायरचा गेज, दुसरा विजेच्या. गेजचा आकडा जितका मोठा तितकी वायर बारीक, हे विसरू नका. परीक्षेत दरवर्षी दहा-बारा जण उलटे लिहितात.

यूएसबी २.० नुसार संगणकाच्या पूर्ण क्षमतेच्या पोर्टवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट अपेक्षित असतात. डॅकच्या टोकाशी मी असे पाहतो : ४.७ च्या वर असेल तर विजेवरचा संशय सोडतो, ४.५ च्या खाली गेले तर आधी वीज दुरुस्त करतो आणि मगच बाकीचे बोलतो. मोजमाप मात्र आवाज चालू असताना, डॅकच्या टोकाशीच करायचे. काहीही न जोडता पोर्टवर मोजलेले ५.०५ व्होल्ट हे करंट शून्य असतानाचे आहेत. त्यावरून काहीच कळत नाही. बाजारात मिळणारा छोटा यूएसबी टेस्टर या कामाला पुरतो. तो केबल आणि डॅक यांच्यामध्ये बसवा, संगणकाकडच्या टोकाला नको.

अर्धा पात ग्राउंडच्या वायरवर होतो, हेही लक्षात घ्या. वरच्या उदाहरणात डॅकचे ग्राउंड संगणकाच्या ग्राउंडपेक्षा पाव व्होल्टने वर गेले आहे, आणि डॅक घेत असलेला करंट गाण्यासोबत बदलतो म्हणून हा पाव व्होल्टही हलत राहतो. याचा संबंध पुढे गुंजनाच्या भागात येईल.

“याच केबलवर पेनड्राइव्ह चालतो, सर”

केबल चांगली असल्याचा हा पुरावा विद्यार्थी नेहमी देतात, आणि तो पुरावा कच्चा आहे. पेनड्राइव्हची माहिती ज्या पद्धतीने जाते तिला बल्क म्हणतात. तीत एखादा तुकडा बिघडून आला तर तो परत मागवला जातो. वेळ थोडा जास्त लागतो, फाइल अचूक उतरते. ध्वनी जातो समकालिक पद्धतीने, म्हणजे आयसोक्रोनस. त्यात प्रत्येक तुकड्याची वेळ ठरलेली असते आणि बिघडलेला तुकडा परत मागवण्याची सोय नसते. तो तुकडा गेला की गेला. कानाला ‘टिक’ किंवा ‘चर्र’ असे ऐकू येते. त्यामुळे शंभरात एखादा तुकडा बिघडवणारी केबल पेनड्राइव्हला चालते आणि डॅकला चालत नाही. डॅकची केबल तपासायची तर दुसऱ्या चालू डॅकवरच तपासा.

सॉकेटकडेही पाहा. जुन्या डॅकवर चौकोनी बी-प्रकारचे सॉकेट असते आणि केबलच्या वजनाने ते वर्षानुवर्षे खाली ओढले जाते. आवाज चालू ठेवून प्लग हलक्या हाताने वर-खाली हलवा. आवाज तुटला तर सॉकेटच्या पायांचे सोल्डर तडकले असण्याची शक्यता मोठी आहे. पुन्हा सोल्डर करणे दहा मिनिटांचे काम आहे, पण वॉरंटी असेल तर डबा उघडू नका.

टाइप-सी सॉकेटचा एक दोष मात्र केबलचा वाटतो आणि केबलचा नसतो. टाइप-सीमध्ये वीज घेणाऱ्या उपकरणाने सीसी नावाच्या दोन पिनांवर ५.१ किलोओहमचे रोध ग्राउंडकडे जोडायचे असतात. ते दिसल्याशिवाय सी-पोर्ट ५ व्होल्ट सोडतच नाही. काही स्वस्त बोर्डांवर हे दोन रोध वाचवलेले असतात. मग गंमत अशी होते : एका टोकाला जुना चपटा ए-प्लग असलेल्या केबलने डॅक चालतो, कारण ए-पोर्टवर ५ व्होल्ट कायम असतात; दोन्ही टोकांना सी असलेल्या नव्या, महाग केबलने तो अजिबात जिवंत होत नाही. इथे केबल बदलत बसण्यात अर्थ नाही. ए-ते-सी केबल वापरा.

स्वतःचा अडॅप्टर असलेले डॅक

ज्या डॅकला भिंतीतून वेगळी वीज मिळते, त्याच्या यूएसबी केबलमधील ५ व्होल्टला काही काम नाही, अशी एक समजूत आहे. हौशी मंडळी ‘स्वच्छ आवाजासाठी’ ती वायर कापतातही. नियमाप्रमाणे व्हीबसवर वीज नसताना उपकरणाने डी-प्लस वर ओढायचीच नसते. म्हणून स्वतंत्र विजेचा डॅकही व्हीबसकडे पाहूनच संगणक जोडला आहे की नाही हे ठरवतो. वायर कापली की डॅकचे सर्व दिवे लागतात आणि संगणकाला तो दिसत नाही. शिवाय पुष्कळ डॅकमध्ये कामाची वाटणी असते : यूएसबी चिप संगणकाच्या विजेवर, आणि अ‍ॅनालॉग भाग अडॅप्टरच्या विजेवर.

या वाटणीमुळे लक्षणांवरून बाजू ओळखता येते. दिवे लागलेले, पण संगणकात नाव नाही : अडॅप्टर ठीक, यूएसबीची बाजू पाहा. संगणकात नाव आहे, ध्वनीची पट्टीही हलते, पण बाहेर शांतता : यूएसबी ठीक, अडॅप्टर पाहा. काही सेकंदांनी आतून रिलेचा ‘टक्’ आवाज, परत ‘टक्’, असे चालू राहिले तर डॅक सुरू व्हायचा प्रयत्न करतो आहे आणि व्होल्टेज कोसळून पुन्हा बंद पडतो आहे. पाच-सात वर्षे चोवीस तास भिंतीत राहिलेल्या अडॅप्टरचे हे ठराविक लक्षण. त्यातला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वाळलेला असतो. मोकळा मोजला तर १२ व्होल्ट दाखवतो, भार पडला की बसतो. म्हणून इथेही मोजमाप भारासकट.

अडॅप्टर बदलताना चार गोष्टी जुळाव्या लागतात : व्होल्टेज, करंट देण्याची क्षमता, पिनेची ध्रुवता आणि ए.सी. की डी.सी. करंटची क्षमता जास्त असलेली चालते, बाकी तिन्ही तंतोतंत हव्यात. मधली पिन धन की ऋण हे डॅकच्या पाठीवरच्या छोट्या आकृतीत असते. पिनेचा व्यासही पाहा, ५.५ मिलिमीटरच्या प्लगमध्ये २.१ आणि २.५ मिलिमीटर असे दोन प्रकार दिसायला सारखेच असतात, आणि २.५ चा प्लग २.१ च्या पिनेवर सैल बसून थांबून थांबून वीज तोडतो. काही डॅक मुद्दाम ए.सी. अडॅप्टर मागतात, कारण त्यातून ते आत धन आणि ऋण असे दोन्ही पुरवठे तयार करतात. अशा अडॅप्टरवर मल्टीमीटर डी.सी.ला ठेवून मोजले तर शून्याच्या आसपास आकडा येतो. चांगला अडॅप्टर ‘मेला’ म्हणून कचऱ्यात गेलेला मी पाहिला आहे. त्याच्या जागी १२ व्होल्ट डी.सी.चा लावला गेला आणि डॅकला एकच पुरवठा मिळून तो खरोखर मुका झाला.

स्वतंत्र विजेचा डॅक कधी कधी अडकून बसतो. यूएसबी केबल काढून लावली तरी त्यातील चिपची वीज गेलेलीच नसते, त्यामुळे ती नव्याने सुरू होत नाही. दोन्ही काढा, अर्धा मिनिट थांबा, आधी अडॅप्टर आणि मग यूएसबी लावा. यूएसबीवर चालणाऱ्या डॅकलाही हेच लागू पडते, कारण अनेक संगणक ‘बंद’ केले तरी पोर्टवर ५ व्होल्ट ठेवतात. संगणक दहा वेळा रीस्टार्ट केला तरी डॅक मात्र एकदाही बंद झालेला नसतो.

नाव दिसते, आवाज नाही

हा भाग थोडक्यात, कारण यात विजेचा संबंध कमी आहे. आवाज कोणत्या उपकरणाकडे जातो आहे ते पाहा; मॉनिटरची एचडीएमआय जोडणी पुष्कळदा स्वतःला मुख्य करून घेते. एखाद्या प्रोग्रामने डॅक एकट्यासाठी राखून ठेवला असेल तर बाकीचे गप्प राहतात. शांततेनंतर प्रत्येक गाण्याची पहिली अर्धी सेकंद कापली जात असेल, तर विंडोजच्या वीज-योजनेतील यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करून पाहा.

वेगाचा मुद्दा मात्र समजून घेण्यासारखा आहे. ध्वनी उपकरणांच्या यूएसबी नियमांचा पहिला वर्ग १९९८ चा, दुसरा २००६ चा. पहिल्या वर्गाचे डॅक बहुधा फुल स्पीडवर, म्हणजे १२ मेगाबिटवर चालतात. तिथे दर मिलिसेकंदाला एक चौकट जाते आणि तीत समकालिक माहितीचा एक तुकडा कमाल १०२३ बाइटचा असू शकतो. ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, दोन वाहिन्या असतील तर एका मिलिसेकंदात ९६ × २ × ३ = ५७६ बाइट; बसतात. १९२ किलोहर्ट्झला ११५२ बाइट, बसत नाहीत. म्हणून १९२ किलोहर्ट्झसाठी ४८० मेगाबिटचा हाय स्पीड लागतो आणि तिथे दुसरा वर्ग येतो. विंडोजमध्ये दुसऱ्या वर्गाचा स्वतःचा ड्रायव्हर विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून, २०१७ मध्ये आला. त्याआधी निर्मात्याचा ड्रायव्हर टाकावा लागे. मॅक आणि लिनक्समध्ये ही सोय बरीच आधीपासून होती. एखाद्या डॅकच्या यादीतून कालपर्यंत दिसणारे १९२ आज नाहीसे झाले असेल, तर मध्ये आलेला जुना हब किंवा वाईट केबल यांमुळे जोडणी फुल स्पीडवर घसरली आहे का ते तपासा.

गुंजन आणि अर्थिंग

सगळे चालते, पण मागे सतत ‘घुंऽऽ’ असा ५० हर्ट्झचा आवाज. लॅपटॉपचा तीन पिनांचा चार्जर एका सॉकेटमध्ये, अ‍ॅम्प्लिफायर खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या सॉकेटमध्ये, आणि दोघांना जोडणारी यूएसबी आणि ध्वनीची केबल. अर्थिंगच्या दोन वाटा तयार झाल्या आणि त्यांच्यातील थोड्याशा व्होल्टेजने केबलच्या ग्राउंडमधून करंट वाहू लागला. मघाशी पाहिलेला ग्राउंडच्या वायरचा रोध इथे आडवा येतो : त्या करंटमुळे त्या रोधावर जे व्होल्टेज पडते ते थेट ध्वनीत मिसळते.

चाचणी सोपी आहे. लॅपटॉपचा चार्जर काढा, बॅटरीवर चालवा. गुंजन गेले तर कारण हेच. उपाय म्हणून सर्व प्लग एकाच बोर्डावर घ्या. पुष्कळदा तेवढ्याने भागते. नाही भागले तर ध्वनीच्या वाटेत विलगक ट्रान्सफॉर्मर बसवा, किंवा डॅकला प्रकाशीय इनपुट असेल तर ते वापरा. यूएसबी विलगकही मिळतात, पण त्यांचा वेग पाहून घ्या. एडीयूएम ४१६० या चिपवर बनलेले विलगक १२ मेगाबिटपर्यंतच जातात, त्यामुळे वर सांगितलेले १९२ किलोहर्ट्झचे गणित तिथे अडते.

चार्जरची अर्थिंगची पिन मोडणे किंवा तीनाचे दोन पिन करणारा सॉकेट लावणे हा उपाय कोणी सुचवला तर ऐकू नका. गुंजन जाते हे खरे आहे. पण त्या पिनेमुळेच, आत काही सुटून धातूच्या खोक्याला २३० व्होल्ट लागले तर फ्यूज उडतो; पिन नसेल तर तो करंट हेडफोन लावलेल्या माणसाची वाट पाहतो. भाड्याच्या खोल्यांत आणि वसतिगृहांत सॉकेटला तिसरे भोक असते, पण मागे वायर नसते, असेही आढळते. लॅपटॉपच्या धातूच्या कडेवर बोट फिरवल्यावर झिणझिण्या आल्या तर हा संशय घ्या : चार्जरच्या आतील गाळणीचे कपॅसिटर, अर्थिंग नसल्यामुळे, खोक्याला मुख्य व्होल्टेजच्या जवळपास निम्म्यावर नेऊन ठेवतात. करंट अगदी थोडा असतो, मात्र डॅकचा प्लग चालू स्थितीत घालताना पहिली ठिणगी त्याच्या इनपुटवर पडू शकते. सॉकेटमध्ये मल्टीमीटरच्या काड्या घालून अर्थिंग मोजणे मी विद्यार्थ्यांना करू देत नाही. ते काम विद्युत तंत्रज्ञाचे.

प्रात्यक्षिक

त्या विद्यार्थ्याचे सादरीकरण मागच्या पोर्टवर वेळेत झाले. दुसरा बोर्ड विभागाने त्याच्याकडून विकत घेतला आणि आता पुढील प्रयोगासाठी तोच वापरतो. हबही तोच आहे, टेबलाखालून काढून कपाटात ठेवला आहे.

बोर्ड आधी मागच्या पोर्टला लावा. ‘एल-एस-यू-एस-बी’ ही आज्ञा सविस्तर पर्यायासह देऊन त्याची विजेची मागणी वाचा आणि यूएसबी टेस्टरने त्याचा प्रत्यक्ष करंट मोजा; शांततेत एकदा आणि १ किलोहर्ट्झचा सूर पूर्ण आवाजात वाजवून एकदा. दोन्ही आकडे मागणीशी ताडून पाहा. मग बोर्ड हबवर लावा आणि संदेशातील नकाराची ओळ वहीत जशीच्या तशी उतरवा. त्यानंतर हबला अडॅप्टर जोडून तोच प्रयोग पुन्हा करा.

शेवटी १ मीटर आणि ३ मीटरच्या केबल घेऊन डॅकच्या टोकाचे व्होल्टेज मोजा आणि त्यावरून विजेच्या वायरचा मीटरला रोध काढा. दोन्ही केबलमधील फरक घेतला तर प्लगच्या संपर्काचा रोध वजा होतो. तो वेगळा किती येतो हेही लिहा. संपर्काचा रोध वायरपेक्षा जास्त आला तर प्लग स्वच्छ करून मोजमाप पुन्हा घ्या, आणि दोन्ही वाचने वहीत राहू द्या.